कनेक्शन उघडं ठेवून खडकवासल्याला

समाजसेवेची उबळ मला पन्नाशीच्या आसपास आली. आमच्या व्यवसायात ती बहुतेकांना त्याच सुमारास येते. गुडघे कुरकुरायला लागतात, कंपनीचं आपल्यावाचून काही अडत नाही हे कळून चुकतं, आणि मग माणूस एक तर सायकल विकत घेतो, नाही तर समाजाचं देणं फेडायला निघतो. सायकलीला दम लागतो. मी देणं फेडायचं ठरवलं. ते मी ज्यांच्याकडे फेडलं त्यांची मला अजूनही माफी मागावीशी वाटते.

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या मागच्या रस्त्याला, बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीच्या जागेत, आजारी माणसाला लागणारं सामान वापरायला देणारं एक केंद्र आहे. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारा दवाखान्यातला पलंग, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरायची गादी. घरचा माणूस बरा झाला की सामान परत आणून द्यायचं. बरा झाला नाही तरी काही दिवसांनी द्यायचंच. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी तिथून वॉकर नेला होता. तो परत करायला गेलो, तर तिथल्या गृहस्थांनी एक जाडजूड वही काढली, चष्मा बदलला आणि माझी नोंद शोधायला सुरुवात केली. ती सापडेपर्यंत मी समोरच्या भिंतीवरच्या तीन कॅलेंडरांमधले तिन्ही गणपती पाहून घेतले. मग मला राहवलं नाही.

"हे सगळं कॉम्प्युटरवर का नाही?" मी विचारलं.

"आम्हाला वहीचा त्रास नव्हता म्हणून," ते म्हणाले.

हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे पेठेतले. त्यांना सगळे काका म्हणतात आणि ते सगळ्यांना 'आपण' म्हणतात, त्यामुळे आपला अपमान झाला आहे हे घरी पोचल्यावर लक्षात येतं. मी त्यांना सांगितलं की मी आयटीत आहे, हे काम करून देईन, एका रविवारात होईल. काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. घरात पाहुण्याचं पोर तबल्याकडे निघालं की यजमान पाहतात तसं.

खरं सांगायचं तर मी प्रोग्राम लिहून कित्येक वर्षं झाली होती. मी आता लोकांना 'कधी होईल?' असं विचारण्याचं काम करतो आणि त्याचा मला पगार मिळतो. पण हात विसरलेले नसतील असा एक समज होता. काम तसं किरकोळ होतं. सामानाच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये ठेवायच्या, तो डेटाबेस इंटरनेटवरच्या एका सर्व्हरवर ठेवायचा, आणि केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून त्यात लिहायचं. आता आपला प्रोग्राम आणि डेटाबेस यांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाषा लागतो. तो कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, आपण आयता घ्यायचा. त्याला लायब्ररी म्हणतात. ती बसवायला एक ओळ टाइप करावी लागते. फक्त एक. माझ्या टीममधल्या एका मुलीला त्या एका ओळीसाठी दोन दिवस लागले होते, तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं होतं की टायपिंगचा क्लास लावायचा आहे का. सगळे हसले होते. तीही हसली होती, कारण वर्षअखेरीचा शेरा मीच लिहिणार होतो.

रविवारी सकाळी केंद्रातल्या कॉम्प्युटरसमोर बसून मी ती ओळ टाइप केली. पडदा लालेलाल झाला.

"लाल काय आलंय?" काकांनी विचारलं.

"एरर आहे."

"म्हणजे चूक. कोणाची?"

"ते अजून कळत नाहीये."

"आपल्या दोघांपैकीच कोणाची तरी असणार. मी इतका लांब बसलोय."

त्या लाल मजकुराचा स्वभाव मला ओळखीचा वाटला. जुन्या दुकानदाराचा. नाही म्हणायचं, का नाही ते सांगायचं नाही, आणि गिऱ्हाईक अजून उभं का आहे अशा नजरेने बघायचं. बऱ्याच वेळाने समजलं की ही लायब्ररी बसण्याआधी आणखी एक सामान बसलेलं असावं लागतं, आणि ते बसण्याआधी तिसरं. ती सगळी उतरंड रचून झाली, लायब्ररी बसली, 'यशस्वी' असं पडद्यावर आलं. मी प्रोग्राम चालवला. प्रोग्राम म्हणाला, अशी काही लायब्ररी इथे नाही.

तो कॉम्प्युटर कुणीतरी दान दिलेला होता, आणि दान देण्याआधी त्याच्या घरच्या कुणीतरी त्यात पायथन नावाची भाषा घालून ठेवलेली होती. मी तीच भाषा पुन्हा घातली. म्हणजे घरात एकाच नावाचे दोन भाऊ झाले. लायब्ररी मी एकाच्या खोलीत ठेवली आणि प्रोग्राम ती दुसऱ्याच्या खोलीत शोधत होता. हे उमगेपर्यंत पुढचा रविवार उजाडला. मधल्या आठवड्यात त्या टीममधल्या मुलीशी बोलावं असं मला फार वाटलं. मी तिला गुड मॉर्निंग म्हटलं. ती दचकली.

काका भेटतील तेव्हा विचारायचे, "कधी होईल?" त्यात टोमणा नव्हता. त्यामुळे ते अधिकच लागायचं.

शेवटी एका सकाळी कनेक्शन जुळलं. मी लिहिलेली नोंद दूरच्या त्या सर्व्हरवर जाऊन बसली आणि परत वाचून दाखवली गेली. मला खरोखर आनंद झाला, इतका की मी काकांना टाळी द्यायला हात पुढे केला. त्यांनी हात जोडले.

त्या लायब्ररीच्या माहितीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरात एक सूचना होती. ती मी वाचली नाही. मी खाली गेलो, नमुन्याचा तयार कोड उचलला, आपल्या प्रोग्रामात चिकटवला आणि तो चालला. चाललेल्या गोष्टीची सूचना कोण वाचतं? पण त्या सूचनेवर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून ती इथे सांगतो. या लायब्ररीतून आपण डेटाबेसला एखादा बदल सांगितला की तो लगेच पक्का करत नाही. तो म्हणतो, ऐकलं. आता 'कमिट' असं सांगा, म्हणजे पक्कं करतो. आणि आपण ते सांगेपर्यंत ती नोंद तो धरून बसतो, दुसऱ्या कुणाला बदलू देत नाही. मुलगी बघून गेलेली मंडळी 'कळवतो' म्हणून जातात आणि कळवतच नाहीत, आणि इकडे मुलीच्या घरच्यांना दुसरं स्थळ बघता येत नाही, त्यातलाच प्रकार. नमुन्याच्या कोडमध्ये कमिटची ओळ होती, म्हणून ती माझ्या प्रोग्राममध्येही आली. माझ्या डोक्यात मात्र आली नाही.

प्रोग्रामचं काम चालू असताना पडद्यावर काय दिसावं, असा एक प्रश्न होता. मी चौकट काढून तिच्यात मोठ्या अक्षरांत 'कृपया थांबा' असं लिहिलं. सगळ्या प्रोग्राममधला काकांना मनापासून आवडलेला भाग तेवढा एकच.

"कृपया आहे, आणि थांबाही आहे," ते म्हणाले. "पुरे आहे."

मग मी एक नियम केला. मी स्वतः केला, काकांनी नाही. यापुढे कॉम्प्युटरवर नोंद झाल्याशिवाय एकही वस्तू दाराबाहेर जाणार नाही. वही कपाटात. कुणी ओळखीचं असो, घाईत असो, आधी नोंद. नाही तर म्हटलं डेटा बिघडतो. 'डेटा बिघडतो' हे मी अशा आवाजात म्हटलं की दुधाचीच गोष्ट वाटावी. काकांनी मान डोलावली. ते मान डोलावतात तेव्हा ते ऐकलेलं पाळतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्या ऑफिसात मान डोलावण्याचा अर्थ वेगळा असतो.

दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मी घरी येता-जाता सांगायचो की आज इतक्या लोकांना सामान गेलं. बायको म्हणायची, वही होती तेव्हाही जायचं.

त्या रविवारी आम्ही खडकवासल्याला जाणार होतो. धरण भरलेलं, कणसं भाजणाऱ्यांच्या गाड्या लागलेल्या, आणि आईला बऱ्याच दिवसांत घराबाहेर नेलं नव्हतं याची टोचणी मला होतीच. पण सकाळी जरा वेळ केंद्रात डोकावून यावं असं वाटलं. नोंदीत पेशंटचं नाव आणि त्याची अवस्था लिहायची सोय करायची होती. मी लॅपटॉप घेऊन गेलो, काकांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर ठेवला, चार्जर लावला, आणि लायब्ररीतून थेट डेटाबेसशी बोलायला लागलो. प्रयोगासाठी वेगळा, खोटा डेटाबेस करावा, खऱ्यात हात घालू नये, यावर मी ऑफिसात दरवर्षी एक व्याख्यान देतो. ते चांगलं असतं. इथे मात्र मी खऱ्यातच हात घातला. शिल्लक असलेला एकुलता एक एअर बेड निवडला, कारण यादीत तो वर होता, आणि तो माझ्या घरी दिला असं लिहिलं. पेशंट म्हणून कुणाचं तरी नाव हवं. बोटांना जे पहिलं सुचलं ते आईचं. अवस्था या रकान्यात 'अंथरुणाला खिळलेली' असं लिहिलं. नोंद बरोबर दिसली. तेवढ्यात बायकोचा फोन आला की आई गाडीत बसून कंटाळली आहे, आणि उन्हाचं गाडीत बसवून ठेवायचं असेल तर घरीच लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसवते. मी लॅपटॉपला कुलूप घातलं, म्हणजे पासवर्डाशिवाय उघडणार नाही असं केलं, आणि तो तसाच चालू ठेवून निघालो. संध्याकाळी येऊन पुढचं करू म्हटलं. काकांना सांगितलं, याला हात लावू नका.

काकांनी मान डोलावली.

धरणावर पुणं लोटलं होतं. आम्ही कणीस खाल्लं, भजी खाल्ली, आईने पाण्याकडे बघत पानशेतच्या पुराची सासरची हकिकत पुन्हा एकदा सांगितली. दुपारी फोन वाजला. काका. मी बायकोकडे पाहिलं.

"समाजाचं देणं एक रविवार थकलं तर समाज कोर्टात जात नाही," ती म्हणाली.

मी फोन पालथा ठेवला. मला बरं वाटलं हे कबूल करतो. कुटुंबाला वेळ देणारा माणूस कसा दिसत असेल, तसा मी त्या क्षणी दिसत होतो. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. पुन्हा मी तसाच दिसलो. मग वाजला नाही. काका कुणालाही दोनदाच फोन करतात. तिसऱ्यांदा करणं म्हणजे आपल्याला दुसरं काम नाही हे कबूल करणं, असं ते मानतात.

त्या वेळात केंद्रात जे झालं ते मला नंतर काकांकडून थोडं आणि त्या बाईंकडून थोडं कळलं. या बाई मूळच्या वऱ्हाडातल्या. नवरा-बायको दोघंही इकडे कारखान्यात काम करतात, मांजरीला नव्या इमारतीत भाड्याने राहतात. गावाहून आलेली त्यांची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि बिबवेवाडीजवळच्याच एका दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. त्या रविवारी तिला घरी सोडणार होते. डॉक्टरांनी मुलीला आईची पाठ दाखवली. कमरेखाली लाल चट्टा उठला होता. आज घरी गेल्यापासून एअर बेडवरच झोपवा, त्यांनी सांगितलं. कातडी एकदा फुटली तर जखम भरता भरत नाही. दवाखान्यातल्या मावशींनी केंद्राचा पत्ता दिला. बाई धावत आल्या.

काकांनी कपाटावरून एअर बेड काढला, पुसला, त्याचा पंप लावून बघितला, घडी करून टेबलावर ठेवला. मग कॉम्प्युटरवर नोंद करायला घेतली. 'कृपया थांबा' आलं.

ते थांबले. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. बराच वेळ गेल्यावर काकांनी, मी शिकवल्याप्रमाणे, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. मधेच एक जण वॉकर न्यायला आला. त्याची नोंद चुटकीसरशी झाली. यावरून काकांनी जो निष्कर्ष काढला तो कुणाही शहाण्या माणसाने काढला असता. यंत्र बिघडलेलं नाही. यंत्राला एअर बेडच द्यायचा नाही, आणि त्याला तसं कारण असणार.

"गादी तर इथंच आहे ना जी, काका," बाई म्हणाल्या.

"आहे. पण नोंद होत नाहीये. थांबा म्हणतोय तो."

मला दोन फोन झाले ते याच सुमाराला. शेजारच्या स्टुलावर माझा लॅपटॉप मंद उजेडात चालू होता, आणि काकांनी त्याला हात लावला नाही. बाई मधे दवाखान्यात जाऊन आल्या, परत बसल्या. टेबलाच्या या बाजूला काका, त्या बाजूला बाई, मधे घडी केलेला एअर बेड. शेवटी अँब्युलन्सवाल्याने फोनवर सांगितलं की आता निघायचं नसेल तर दुसरी गाडी बघा. बाई उठल्या. काकांनी त्यांचा पत्ता आणि फोन एका कागदावर लिहून घेतला.

मी काकांना फोन लावला तो सिंहगड रोडच्या गर्दीत, परतताना. गाडी चालवत होतो म्हणून फोन स्पीकरवर होता.

"काका, फोन केला होतात?"

"केला होता. आता गरज राहिली नाही. त्या बाई गेल्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, क्रमाने. पाठीवरच्या चट्ट्याचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "फक्त एअर बेड म्हटलं की थांबा म्हणतो. मला वाटलं, आपण कुणासाठी तरी राखून ठेवला असेल."

पुढची गाडी सरकली, मी सरकलो नाही. मागून हॉर्न वाजले. मी कमिट म्हटलेलं नव्हतं. सकाळची ती प्रयोगाची नोंद, माझ्या लॅपटॉपवर, 'कळवतो' म्हणून अजून अडून बसलेली होती.

"राखून ठेवला नव्हता," मी म्हणालो. "म्हणजे, ठेवला होता. चुकून. आईच्या नावावर."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मला काय झालंय म्हणून लिहिलंस?"

"काही नाही गं. नुसतं बघायला."

"काय लिहिलंस ते सांग."

"अंथरुणाला खिळलेली."

जिवंत, हिंडत्याफिरत्या माणसाबद्दल असलं लिहू नये हे आमच्या घरात लहान मुलालाही कळतं. मला वाटलं, आता ती रडेल. तिने पुढे वाकून फोनच्या दिशेने तोंड केलं.

"अहो काका, ती गादी माझ्या नावावर आहे ना? मग मी सांगते. त्या बाईंना देऊन टाका."

स्पीकरमधून काकांचा आवाज आला. "आपलं म्हणणं अगदी रास्त आहे. पण नोंद?"

आईला आणि बायकोला घरी सोडून मी केंद्रात गेलो. काका बंद करायची वेळ उलटून गेली तरी बसले होते. एअर बेड टेबलावरच होता. मी लॅपटॉप उघडला. सकाळची नोंद जिथे सोडली होती तिथेच होती, कर्सर लुकलुकत होता. मी एक शब्द टाइप केला, ज्याचा अर्थ 'सांगितलेलं मागे घेतो' असा होतो. झालं. एवढंच होतं ते. त्या बाई ज्याच्यासाठी दुपारभर बसल्या, ते व्हायला एका श्वासाएवढाही वेळ लागला नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवर काकांनी एअर बेड निवडला, बाईंचं नाव घातलं, पेशंटचं घातलं, आणि नोंद झाली.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही गादी तशीच द्यायची होतीत. मागाहून नोंद करता आली असती."

"नियम आपण केलात," ते म्हणाले. "मी पहिल्याच महिन्यात मोडला असता, तर आपल्याला वाईट वाटलं असतं."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांना खरोखर तसं वाटत होतं की ते मला झोडत होते, हे मला आजही सांगता येत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि पंप हातात घेऊन माझ्या गाडीकडे चालू लागले.

"तुम्ही कशाला येताय?" मी म्हणालो.

"आपल्याला पंप लावता येतो?"

येत नव्हता.

हडपसरपर्यंत मी मनात माफी रचत होतो. मला ती चांगली जमते, सराव आहे. बायकोची, टीमची, आईची, मी कुणाकुणाची मागत असतो आणि मागितल्यावर मला हलकं वाटतं. यावेळी मी ठरवलं की काही लपवायचं नाही. तांत्रिक अडचण होती असं म्हणून सुटका करून घ्यायची नाही. सर्व्हरवर ढकलायचं नाही, काकांवर तर नाहीच. लायब्ररी, ती न वाचलेली सूचना, खऱ्या डेटाबेसवर केलेला प्रयोग, आईचं नाव, पालथा ठेवलेला फोन, सगळं सांगायचं. मांजरीच्या अलीकडे उसाचे फड लागले तेव्हा मी माफीच्या शेवटाला येऊन पोचलो होतो, आणि माझेच डोळे भरून आले होते. काका मांडीवर पंप घेऊन समोर बघत होते.

इमारत नवी होती, बाजूला अजून ऊस उभा होता. दार बाईंनीच उघडलं. नवऱ्याची पाळी होती, तो कामावर गेला होता. शेजारच्यांनी आईला वर आणून दिलं होतं आणि तेही आपापल्या घरी गेले होते. आतल्या खोलीत म्हातारी लोखंडी पलंगावर, गोधड्यांच्या थरावर, उताणी निजली होती. मुलीने तिच्या एका कुशीखाली उशी सारून तिला जरा कलतं केलं होतं. एकटीला तेवढंच जमलं असणार.

"तुमीच का जी ते कॉम्प्युटरवाले?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आणि मला तुम्हाला एक सांगायचंय. दुपारी जे झालं ती पूर्णपणे माझी—"

"ते मंग सांगा. आधी त्या बाजूनं धरा."

मी त्या बाजूला गेलो. बाईंनी आईला सांगितलं, "माय, आता उचलतो बरं." आम्ही दोघांनी गोधडी चारी कोपऱ्यांनी ताणून धरली, तिच्यासकट म्हातारीला उचललं, आणि काकांनी एअर बेड खाली सरकवला. एका दमात नाही जमलं. माझ्या कोपऱ्यातली गोधडी निसटली, म्हातारी कण्हली, बाई म्हणाल्या "घट्ट धरा ना," आणि पुन्हा उचललं. कूस वळवताना मला तो चट्टा दिसला. तळहाताएवढा, गडद लाल. बाईंनी वाकून, दिव्याखाली, बोटाने अगदी हलके दाबून पाहिला.

"फुटला नाही अजून," त्या म्हणाल्या.

काकांनी पंप पलंगाच्या पायथ्याशी अडकवला, नळ्या लावल्या, बटण दाबलं. बेड हळूहळू फुगायला लागला. आता बाई भिंतीला टेकून बसल्या. आईला घरी आणल्यापासून पहिल्यांदाच बसल्या असाव्यात.

"हं, सांगा आता," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. सगळं. कमिट म्हणजे काय तेही सांगितलं, मुलगी बघायला आलेल्या मंडळींच्या उदाहरणासकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, डोळे माझ्यावर, एक हात आईखाली, हवा भरली का ते चाचपत.

"भल्लं लांब सांगता जी तुमी," त्या म्हणाल्या. "गादी भरली तेवढ्यात."

मग त्यांनी विचारलं, मी उद्या मोकळा आहे का. त्यांची स्वतःची दिवसपाळी होती, नवरा घरी असणार होता, पण डॉक्टरांनी दर थोड्या वेळाने कूस बदलायला सांगितलं होतं आणि एकट्या माणसाकडून ते नीट होत नाही. ओढाताण झाली की कातडी घासते. आठवडाभराने गावाहून भाऊ येणार होता. तोवर दुसरा हात पाहिजे होता.

मी माफी मागायला आलो होतो. सोमवारी सकाळी माझ्या मीटिंगा असतात. मी तोंड उघडलं, आणि त्यातून काय निघणार होतं ते मला माहीत नव्हतं.

"मी येतो," काका म्हणाले. ते नळीचा पीळ सोडवत होते. "पण मला उचलणं होणार नाही. मी कूस बदलायची वेळ सांगेन. उचलायला हे लागतील."

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. हा माणूस येईल की नाही, एवढाच हिशेब होता.

मी विचारलं, सकाळी त्या कामाला किती वाजता निघतात.